कमरेच्या मणक्यात 'हाड वाढलंय': रिपोर्टमधल्या त्या ओळीचा अर्थ कसा लावायचा

एमआरआयचा रिपोर्ट हातात येतो, घरातला शिकलेला पोरगा मोबाइलवर त्यातला एकेक शब्द शोधून वाचून दाखवतो, आणि त्या रात्री घरात कोणाला जेवण जात नाही. 'स्क्लेरॉटिक लीजन' (घट्ट झालेल्या हाडाचा डाग), 'एक्स्पान्साइल लीजन' (फुगलेलं हाड), 'बोनी आउटग्रोथ' (बाहेर वाढलेलं हाड) असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत प्रश्न एकच: "साहेब, मनक्यात हाड वाढलं म्हणते. ते तं नाही ना?" 'ते' म्हणजे कॅन्सर. त्याचं नाव तोंडातून काढायचीही भीती वाटते.

बहुतेक वेळा ते नसतं. कमरेच्या मणक्यात जास्तीचं किंवा वेगळं दिसणारं हाड अनेक कारणांनी येतं, आणि त्यातली बरीचशी जिवाला धोका नसलेली असतात. पण 'नाही' असं खात्रीनं सांगायच्या आधी डॉक्टरला एक काम करावं लागतं. फिल्मवर दिसणारं हाड आणि अंगातलं दुखणं एकमेकांशी जुळतं का, हे त्याला ठरवावं लागतं. रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' करा असं जे लिहिलेलं असतं, ते हेच काम आहे. फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरनं पेशंट पाहिलेला नसतो. त्याला दिसतं ते हाड. ते कधी दुखतं, कोणाला दुखतं, गावात पाणी कुठलं पितात, हे त्याला माहीत नसतं. म्हणून नुसती ती ओळ वाचून घाबरू नये, आणि नुसती ती ओळ वाचून उपचारही सुरू करू नयेत.

मणक्याच्या कोणत्या भागात?

कमरेत पाच मणके असतात. रिपोर्टमध्ये त्यांना एल १ ते एल ५ म्हणतात. त्यांच्या खाली पाच मणके एकत्र जुळून बनलेलं त्रिकास्थी, आणि त्याच्या टोकाला माकडहाड. प्रत्येक मणक्याचे ढोबळ दोन भाग. पुढचा जाड, गोल भाग शरीराचं वजन पेलतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते, तिच्यातून नसा जातात आणि तिच्याच टोकांना स्नायू बांधलेले असतात. पाठीवरून हात फिरवला की बोटांना जे उंचवटे लागतात ते या मागच्या भागाचे.

ही विभागणी निदानात फार कामाची आहे. मुलांमधल्या आणि तरुणांमधल्या साध्या (कॅन्सर नसलेल्या) गाठी, म्हणजे ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, ऑस्टिओब्लास्टोमा, अन्युरिझमल बोन सिस्ट, जास्त करून मागच्या कमानीत होतात. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, बहुधा पुढच्या भागात असते. दुसऱ्या अवयवातून पसरून आलेला कॅन्सरही पुढच्या भागातच आधी घर करतो. म्हणून वय आणि जागा या दोनच गोष्टी कळल्या तरी अनुभवी डॉक्टरच्या मनातली यादी निम्मी होते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कमानीतलं घट्ट हाड आणि सत्तर वर्षांच्या आजोबांच्या पुढच्या भागातलं घट्ट हाड फिल्मवर सारखं पांढरं दिसत असलं, तरी त्यांचा विचार अगदी वेगळा करावा लागतो.

रोज दिसणारं, बहुधा निरुपद्रवी

सगळ्यात जास्त दिसतात ते हाडाचे काटे, म्हणजे ऑस्टिओफाइट. वयानुसार मणक्यांमधली गादी झिजते आणि मणक्याच्या कडेला हाड वाढतं. आयुष्यभर वाकून कापूस वेचलेल्या, निंदण केलेल्या, डोक्यावर भारे वाहिलेल्या माणसाच्या एक्स-रेत ते दिसले तर नवल नाही. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशांच्या एक्स-रेतही ते सापडतात. "काटे आहेत म्हणून दुखतं" हे वाक्य आपण फार सहज बोलतो, आणि माझ्या मते त्यामुळे खरं कारण शोधायचं राहून जातं.

हिमँजिओमा साधारण दहातल्या एका माणसाच्या मणक्यात असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. एक्स-रेवर मणक्यात जाड उभ्या रेघा दिसतात, सीटीच्या आडव्या कापात पांढरे ठिपके दिसतात. हे चित्र इतकं ओळखीचं आहे की सहसा पुढे काही करायची गरज पडत नाही. क्वचित एखादा वाढून नसांवर दाब आणतो, तेव्हाच उपचार लागतो.

बोन आयलंड म्हणजे हाडाच्या मऊ भागात राहून गेलेला घट्ट हाडाचा तुकडा. तो दुखत नाही. त्याची कड काटेरी असते आणि ती आजूबाजूच्या हाडात मिसळून जाते. सीटीवर हाडाची घनता आकड्यांत मोजता येते. बोन आयलंडची घनता फार जास्त भरते, पसरलेल्या कॅन्सरच्या डागाची सहसा तेवढी नसते. जुना एक्स-रे असेल आणि त्यातही तोच ठिपका तेवढाच असेल, तर प्रश्न तिथंच सुटतो. जुनी फिल्म फेकून देऊ नका असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठी. धान्याच्या कोठीमागं ठेवलेली दहा वर्षांपूर्वीची फिल्म कधीकधी आजच्या एमआरआयपेक्षा जास्त सांगते.

जन्मजात प्रकारही असतात. शेवटच्या कमरेच्या मणक्याचा बाजूचा पंखा मोठा होऊन त्रिकास्थीला टेकतो किंवा जुळतो. मारिओ बर्तोलोत्ती या इटालियन डॉक्टरनं १९१७ साली त्याचा कमरदुखीशी संबंध मांडला, म्हणून त्याला बर्तोलोत्ती सिंड्रोम म्हणतात. पंखा मोठा असणाऱ्या प्रत्येकाला दुखतंच असं नाही. दुखणं त्याच बाजूला असेल आणि पंखा टेकतो तिथं झालेल्या खोट्या सांध्यात भूल देणारं इंजेक्शन दिल्यावर थांबत असेल, तर संबंध आहे असं मानतात. त्याहून दुर्मीळ म्हणजे कमरेच्या किंवा माकडहाडाच्या शेजारी बोटासारखं लांबट जास्तीचं हाड. मोटरसायकलवरून पडल्यावर काढलेल्या एक्स-रेत ते अचानक दिसतं आणि तुटलेला तुकडा वाटतं. त्याला सगळीकडून गुळगुळीत, पूर्ण कवच असतं. ताज्या तुटलेल्या हाडाची कड अशी नसते.

रात्री दुखणारा पोरगा

आता जरा सावकाश सांगावं असा आजार. समजा, दिग्रस-दारव्हा भागातला पंधरा वर्षांचा मुलगा आहे. कबड्डी खेळणारा. चार-सहा महिन्यांपासून कंबर दुखते. आधी सगळे म्हणाले, लचक भरली. चोळून झालं, शेकून झालं, हाडवैद्याकडं नेऊन झालं. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. मग शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करतो असं घरात बोलणं सुरू झालं. बाहेरचं काही असेल म्हणून कोणी लिंबूही उतरवून टाकला.

आई मात्र एक गोष्ट सांगते: "दिवसा बरा रायते जी. रात्री बारा वाजले का कण्हाले लागते. मेडिकलातली दुखण्याची गोळी देल्ली का अर्ध्या घंट्यात झोपते."

या तीन वाक्यांत निदान जवळजवळ झालेलं आहे. रात्री वाढणारं, विश्रांतीनं न थांबणारं, आणि साध्या दुखण्याच्या गोळीनं चटकन उतरणारं दुखणं ही ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची खूण आहे. हेन्री जॅफी या पॅथॉलॉजिस्टनं १९३५ साली या गाठीला स्वतंत्र आजार म्हणून ओळख दिली. मूळ गाठ फार लहान असते, साधारण दीड सेंटिमीटरहून कमी. पण ती प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन मोठ्या प्रमाणात तयार करते आणि त्यानंच दुखणं होतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन या जातीची औषधं नेमकं हेच रसायन बनू देत नाहीत, म्हणून तिथं गोळी इतकी लागू पडते. बाभळीच्या खोडाला घाव बसला की त्याभोवती जसा जाड वळ धरतो, तसं या लहानशा गाठीभोवती घट्ट हाड साचतं. फिल्मवर मोठं दिसतं ते हे भोवतीचं हाड, आजार असतो मधल्या ठिपक्यात.

हा आजार दहा ते पंचवीस या वयात जास्त आणि मुलींपेक्षा मुलांना दोन-तीनपट जास्त होतो. मणक्यात झाला तर कमरेचा भाग त्याच्या आवडीचा. आणखी एक खूण डोळ्यांना दिसते. मुलाला शर्ट काढून पाठमोरं उभं करा. ज्या बाजूला गाठ, त्या बाजूला कणा आत वळलेला असतो आणि स्नायू आखडलेले असतात. मुलांमध्ये कणा वाकडा होणं नवीन नाही, पण तो साधा बाक सहसा दुखत नाही. वाकडा आणि दुखरा कणा एकत्र दिसला की 'वाढीचं वय आहे, होईल सरळ' म्हणून सोडू नये. गाठ वेळेत काढली तर बाक आपोआप सरळ होतो. दुखणं सुरू होऊन साधारण सव्वा वर्षाच्या वर गेलं तर बाक कायमचा राहण्याची शक्यता वाढते.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. गोळीनं बरं वाटतं हे निदानाचं साधन आहे, उपचाराचा परवाना नाही. महिनोन्महिने रोज दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो आणि किडनीवर परिणाम होतो. मुलांना तर ॲस्पिरिन आपल्या मनानं देऊच नये. आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या? त्यात स्टेरॉइड असू शकतं. त्यानं चार दिवस अंग हलकं होतं, खुणा पुसल्या जातात, आणि हाडं आतून पोकळ होतात. अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरला न लाजता सांगा, पुडी सोबत आणा. डॉक्टर रागावेल ही भीती मी समजू शकतो, पण ती माहिती लपली तर निदानच चुकतं.

त्या गाठीची भावंडं

ऑस्टिओब्लास्टोमा हा त्याच घराण्यातला, पण मोठा. गाठ सहसा दोन सेंटिमीटरच्या वर असते. मणक्यात होण्याचं प्रमाण बरंच, दुखणं बोथट आणि सततचं, गोळीचा गुण कमी. तो वाढत राहतो, नसांवर दाब आणू शकतो, म्हणून बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते.

ऑस्टिओकाँड्रोमा म्हणजे हाडातून बाहेर आलेला कोंभ, टोकावर कुर्चेची टोपी. गुडघ्याजवळ तो पुष्कळ दिसतो, मणक्यात क्वचित, आणि मणक्यातही मानेत जास्त. निदान सीटीवर होतं: कोंभाचं बाहेरचं कवच आणि आतला गर मूळ हाडाशी सलग जोडलेला दिसतो. अंगाची वाढ थांबली की कोंभाचीही वाढ थांबायला हवी. तिशीतल्या माणसाला असलेली गाठ पुन्हा वाढायला लागली किंवा नव्यानं दुखू लागली तर एमआरआय करून टोपीची जाडी मोजतात. ती दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर कॅन्सरमध्ये बदल झाला का हे तपासावं लागतं. काही घरांत बाप, मुलगा, आत्या अशा अनेकांच्या हातापायांच्या हाडांवर अशा गाठी असतात. तो आनुवंशिक प्रकार आहे. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलामागं निम्मी शक्यता. "घरात अजून कोणाला हाडाच्या गाठी?" हा प्रश्न डॉक्टरनं विचारला नाही तर तुम्हीच सांगा.

अन्युरिझमल बोन सिस्टमध्ये हाड फुगून आत रक्ताच्या पोकळ्या होतात. एमआरआयवर रक्ताचे थर पातळीपातळीनं साचलेले दिसतात. जायंट सेल ट्यूमर वीस ते चाळीस वयात, त्रिकास्थीच्या वरच्या भागात आढळतो. कॅन्सर नसूनही तो आजूबाजूचं हाड खात जातो. साधी गाठ म्हटली तरी सगळ्या सारख्या शांत नसतात. डॉक्टर त्यांचे तीन टप्पे मानतात: झोपलेली, हळूहळू वाढणारी आणि आक्रमक. पहिलीला नुसती नजर पुरते, तिसरीला मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. 'कॅन्सर नाही' एवढं ऐकून फाइल बंद करू नका, गाठ कोणत्या टप्प्यात आहे तेही विचारा.

आपल्या भागात विसरू नयेत अशा तीन गोष्टी

जगभरच्या पुस्तकांत वरची यादी मिळते. विदर्भातल्या खेड्यात मात्र निदान करताना आणखी तीन गोष्टी डोक्यात ठेवाव्याच लागतात, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

पहिली, पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हातपंपाच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. यवतमाळातल्या पांढरकवडा, झरी जामणी भागात हा प्रश्न जुना आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं घट्ट आणि पांढरी होत जातात, मणके बांधणारे पट्टे हाडासारखे कडक होतात, कडेला हाड वाढतं. माणूस वाकू शकत नाही, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. एक्स-रे पाहून पटकन वाटतं की कॅन्सर हाडांत पसरला. म्हाताऱ्या पुरुषात प्रोस्टेटच्या कॅन्सरनंही हाडं अशीच पांढरी होतात, त्यामुळे गोंधळ सहज होतो.

हा गोंधळ सोडवायला महागडी तपासणी लागत नाही. हाताच्या पुढच्या भागाचा, कोपर ते मनगट, एक साधा एक्स-रे काढायचा. तिथल्या दोन हाडांमधला पडदा हाडासारखा पांढरा झालेला दिसला तर फ्लोरोसिसचा, म्हणजे फ्लोराइडनं होणाऱ्या या आजाराचा, मोठा पुरावा मिळाला. लहानपणापासून तेच पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. लघवीतलं फ्लोराइड मोजता येतं. आणि सगळ्यात सोपा प्रश्न: "गल्लीत अजून किती जणांची पाठ अशी ताठ झाली?" एकाच विहिरीवरच्या चार घरांतली माणसं ताठरली असतील तर उत्तर पाण्यात आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो, ग्रामपंचायतीमार्फत पाठवा. कडक झालेलं हाड पुन्हा मऊ होत नाही, पण स्रोत बदलला तर पुढचं नुकसान थांबतं, आणि घरातल्या लेकरांचं तर सगळंच वाचतं.

दुसरी गोष्ट, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो बराच आहे आणि फक्त आदिवासी समाजापुरता नाही. या आजारात हाडाला रक्त कमी पडून हाडाचे भाग मरतात, तिथं नंतर पांढरे चट्टे दिसतात. मणक्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग मधोमध खचतो आणि मणका इंग्रजी एच अक्षरासारखा दिसतो. तरुण माणसाच्या मणक्यांत असे चट्टे दिसले, अधूनमधून सगळं अंग ठणकतं, डोळे पिवळे होतात असं तो सांगत असेल, तर गाठीचा शोध घेण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी व्हायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणीची सोय असते. ती पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनं पक्कं करतात.

तिसरी गोष्ट, टीबी. मणक्याचा टीबी आपल्याकडं इतका नेहमीचा आहे की मणक्यात काही दिसलं की आधी तोच आठवतो. आठवायलाच हवा. पण आठवणं वेगळं आणि नमुना न तपासता अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करणं वेगळं. टीबी बहुधा दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा खातो, मधली गादी आटते, शेजारी पू साचतो. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं सोबत असतं. साध्या हाडाच्या गाठीत मधली गादी शाबूत असते. तरीही एमआरआयवर ऑस्टिऑइड ऑस्टिओमाच्या आजूबाजूला एवढी सूज दिसते की पाहणाऱ्याला जंतुसंसर्ग वाटावा. अशा मुलाला महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चालू राहू शकतात. उलटही घडतं: टीबीला 'गाठ' समजून वेळ जातो आणि पाय लुळे पडतात. म्हणून शक्य असेल तिथं सुईनं नमुना काढून त्यावर सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करून घ्यावं. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

एमआरआय मोठा की सीटी?

लोकांच्या मनात एमआरआय म्हणजे सगळ्यात मोठी तपासणी, तो झाला की सगळं कळलं. प्रत्येक वेळी तसं नसतं. नसा, गादी, पू, सूज, मज्जा हे सगळं एमआरआयवर उत्तम दिसतं. पण बारीक हाडाची घडण पाहायची तर सीटी स्कॅन सरस. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा मधला ठिपका एमआरआयच्या सुजेत हरवून जातो आणि एक मिलिमीटरच्या कापांच्या सीटीत स्वच्छ सापडतो. त्या कबड्डीवाल्या मुलाला बारीक कापांचा सीटी हवा, तोही संशय असलेल्या एक-दोन मणक्यांपुरता, कारण सीटीत किरणांचा मारा असतो आणि वाढत्या वयात तो कमीत कमी ठेवायचा असतो. एमआरआय झाल्यावर डॉक्टरनं पुन्हा सीटी सांगितला तर तो पैसे काढायला सांगतोय असं लगेच धरून चालू नका. कशासाठी सांगितला ते विचारा, तुमचा तो हक्क आहे.

नेमका मणका सापडत नसेल तर बोन स्कॅन करतात. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा छोटा डोस देतात आणि हाड जिथं जोरात काम करतं तिथं ते जमा होतं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ठळक चमकतो, बोन आयलंड सहसा चमकत नाही. रक्ततपासण्या गाठ ओळखत नाहीत, पण दुसऱ्या वाटा बंद करतात: ईएसआर आणि सीआरपी संसर्गासाठी, पन्नाशीपुढच्या पुरुषात प्रोस्टेटसाठी पीएसए, आणि रक्तातली प्रथिनं मायलोमासाठी, म्हणजे हाडाच्या मज्जेतल्या एका कॅन्सरसाठी.

सुई लावावी का?

"सुई लावली का ते पसरते" ही भीती खेड्यात फार पक्की बसलेली आहे. नीट ठरवून केलेल्या बायोप्सीनं आजार बळावत नाही. नुकसान होतं ते चुकीच्या जागेतून, चुकीच्या हातानं केलेल्या बायोप्सीनं. सुईचा मार्ग असा निवडावा लागतो की पुढं शस्त्रक्रिया लागलीच, तर तो मार्गही सोबत काढता यावा. म्हणून ज्या ठिकाणी पुढचं ऑपरेशन होणार, तिथल्याच सर्जनच्या सल्ल्यानं, सीटीत पाहत पाहत बायोप्सी व्हावी. हिमँजिओमा, बोन आयलंड यांची ठरलेली चित्रं दिसत असतील तर सुईची गरजच नाही.

हाडाच्या नमुन्याचा रिपोर्ट उशिरा येतो. हाड इतकं कडक असतं की त्याचे पातळ काप करण्याआधी ते आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. आठवडा-दहा दिवस लागले म्हणजे काही लपवताहेत असं नाही. आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकावरही भागत नाही. भरून येणारं साधं फ्रॅक्चरसुद्धा काचेवर गाठीसारखं भासू शकतं. पॅथॉलॉजिस्टला फिल्म दाखवलीच पाहिजे. जिथं सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलून ठरवतात, तिथं जा. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी या शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत हे विभाग एका आवारात आहेत.

जाताना फिल्मसोबत सीडी घेऊन जा. स्कॅन सेंटरवाल्याकडे मागा, तुमचीच आहे ती. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून कोणीही खात्रीचं निदान करू शकत नाही. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड जवळ असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगेल. दाखल होण्याआधीच त्याला गाठा.

त्या मुलाच्या गाठीचं पुढं काय? आता बहुतेकदा मोठं ऑपरेशन लागत नाही. सीटीत पाहत सुई थेट त्या ठिपक्यात नेतात आणि तिचं टोक ९० अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटं तापवून गाठ जाळतात. पुष्कळ मुलं चार-दोन दिवसांतच रात्री शांत झोपू लागतात. गाठ नसेच्या अगदी जवळ असेल तर मात्र उष्णतेचा धोका असतो, तेव्हा शस्त्रक्रिया निवडतात.

ज्यांना काहीच करायचं नाही, फक्त नजर ठेवायची आहे, त्यांना डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. गाठ वाढत नाही ना, एवढं पाहायला. ही तारीख ऐन पेरणीत किंवा वेचणीत पडते आणि मग राहून जाते, ती कायमचीच. तसं असेल तर तारीख घेतानाच सांगा. शांत गाठीसाठी दोन-तीन आठवडे पुढंमागं झाले तर बिघडत नाही, डॉक्टर सोयीची तारीख देतील. पण लघवी अडकली किंवा आपोआप होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, चालताना पाय लटपटू लागला, तर पेरणी, लग्न, बाजार काहीही असो, सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात पोचा.